पन्नास लिटर, पण डोक्यावर नको

जुना गिझर गळायला लागला की गिऱ्हाईक दुकानात येतं आणि म्हणतं, "होता तेवढाच द्या." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की आज झोपेत कुणी म्हटलं तरी मी उठून बसेन आणि विचारेन, "घरात माणसं किती?"

मी रशीद. लातुरात मला रशीद मिस्त्री म्हणतात. मूळचा नांदेडचा. नळाचं आणि विजेचं काम दोन्ही हातात असल्यामुळे गिझर बसवणं हा माझा खास धंदा झाला. आधी नांदेडला, मग सगळं आयुष्य लातूरला. आता गुडघ्यांनी रजा घ्यायला लावली म्हणून घरी बसलोय.

'होता तेवढाच' यात चूक काय, ते सांगतो. गिझर दहा-बारा वर्षं चालतो, आणि तेवढ्या काळात घर बदलतं. घेतला तेव्हा नवराबायको दोघं असतात. बदलायची वेळ येते तेव्हा दोन पोरं, सून, गावाकडून आलेली आई, अशी पलटण झालेली असते. कुठं उलटं होतं. पोरं पुण्याला जातात, पोरी सासरी जातात, आणि दोन म्हातारी माणसं मोठ्या गिझरखाली एकेक बादली घेऊन बसतात. मुरुडचे एक कापड दुकानदार होते. शेजाऱ्याकडे पंचवीस लिटरचा होता म्हणून यांनी पन्नासचा नेला. घरात दोघंच. महिन्याभरात परत आले.

"मिस्त्री, ते तापायला सव्वा तास घ्यायलंय. तवर आमची आंघोळीची इच्छाच मरायली."

मी त्यांना पंधराचा बसवून दिला. पन्नासचा त्यांनी जावयाच्या गळ्यात घातला असं पुढे कळलं.

माझा हिशोब साधा होता. गिऱ्हाइकाला लिटर विचारायचे नाहीत, बादल्या विचारायच्या. गिझरचं कढत पाणी कुणी तसंच अंगावर घेत नाही. थंडीच्या दिवसांत अर्धं गरम, अर्धं गार लागतं. म्हणजे एका बादलीला नऊ-दहा लिटर गरम पाणी. पंचवीसच्या गिझरमध्ये एका दमात दोन बादल्या नीट निघतात, तिसरी कोमट. दुसरा प्रश्न, सगळे एकाच वेळी आंघोळ करतात की सवडीनं? सवडीनं असेल तर लहान गिझर पुन्हा पुन्हा तापून पुरवठा करतो. आणि तिसरं म्हणजे, विकण्याआधी जुना गिझर उघडून बघायचा. आमच्याकडे बोअरचं पाणी जड. कित्येकदा गिझर लहान नसतोच, आतून खारानं भरलेला असतो. मी घमेलं घमेलं पांढरा खडू काढलाय. तो काढला की तोच गिझर पुन्हा पुरायला लागतो आणि ज्या दुकानासाठी मी गिझर बसवायचो त्याचे मालक माझ्यावर दोन दिवस रुसून बसतात.

एवढं सगळं मला येत होतं. पण एक प्रश्न मी वीस वर्षं कुणाला विचारला नव्हता, तो एका बाईनं मला शिकवला. त्या बाईचीच गोष्ट सांगायची आहे. मात्र तिच्याआधी नांदेडचं एक प्रकरण सांगावं लागेल. ते मी आजवर फक्त दोन माणसांना सांगितलंय. एक माझी बायको.

नांदेडला मी नवा होतो, हात जरा जास्तच भरभर चालायचा. एका वकीलसाहेबांचा जुना पंधराचा गिझर काढून पस्तीसचा लावायचा होता. न्हाणीघराची भिंत साडेचार इंची, मातीत बांधलेली, वरून तेवढा गिलावा. अशा भिंतीला आरपार बोल्ट घालून मागून पट्टी द्यावी लागते. त्यासाठी मागच्या खोलीतलं कपाट हलवायला पाहिजे होतं. घरातले म्हणाले, "कपाट राहू द्या, भरलेलं आहे." मीही म्हणालो, ठीक. जुन्याच भोकांत लाकडी गुटके ठोकले, स्क्रू पिळले, हलवून बघितलं. घट्ट वाटलं.

दोन महिन्यांनी भर दुपारी तो गिझर खाली आला. खालचं पितळी घंगाळ चपटं झालं, फरशी फुटली. वकीलसाहेबांची सून तान्ह्या पोराला न्हाऊ घालून नुकतीच बाहेर पडली होती. दारात उभी राहून ती पोराचं अंग पुसत होती. मी गेलो तेव्हा ती माझ्याकडे बघत राहिली.  वकीलसाहेब म्हणाले, "भिंतच कच्ची होती, तुमचा काय दोष?" मी मान हलवली. भिंत कच्ची आहे हे मला माहीत होतं, ते मी बोललो नाही.

त्यानंतर मी आरपार बोल्टाशिवाय गिझर लावला नाही. पुढे भूकंप झाला. लातूरकडे घरांची कामं निघाली, मिस्त्री मिळेनात. सहा महिन्यांसाठी म्हणून मी लातूरला आलो तो इथलाच झालो. लोकांना सांगायचो, कामासाठी आलो. त्या सुनेची नजर चुकवायला आलो, हेही तेवढंच खरं.

मग लातुरात क्लासेसचं पीक आलं. बघता बघता गल्लीगल्लीत मुलं दिसायला लागली. ज्याच्या घरात एक खोली जास्तीची, त्यानं तीन कॉट टाकल्या. गिझरवाल्यांचे दिवस फिरले. पूर्वी चार माणसांचं घर बघायचं. आता एका घरात चौदा पोरं, आणि सगळ्यांना सातच्या आत क्लासला पोचायचं. सगळ्यांची आंघोळ पाच ते साडेसहा. माझा 'सवडीनं' हा शब्द त्या घरांत चालेना.

अशाच एका घरी मला बोलावणं आलं. घर गोदाबाईचं. सगळे त्यांना गोदाअक्का म्हणत, भाड्यानं राहणाऱ्या पोरी मावशी म्हणत. पन्नाशीच्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. औसा तालुक्यातल्या एका खेड्यातून भूकंपानंतर भावाच्या आधारानं लातुरात आलेल्या. आजूबाजूला सगळी स्लॅबची घरं आणि यांचं तेवढं पत्र्याचं. पाण्याची टाकीसुद्धा घरावर नाही. अंगणात लोखंडी स्टँडवर, घरापासून चार पावलं लांब. मला ते तेव्हा काटकसरीचं वाटलं.

घरात नऊ पोरी. आधी तीनच होत्या तेव्हा भावानं पंधराचा गिझर लावून दिला होता. तोच नऊ जणींवर ओढत होता आणि आता बुडातून गळत होता. चौथ्या पोरीपासून गार पाणी. डिसेंबर चालू होता. दोघी तापानं पडल्या होत्या, रेणापूरहून एका पोरीचे वडील येऊन बजावून गेले होते, की आठ दिवसांत सोय झाली नाही तर पोरगी हलवतो. एक गेली की बाकीच्याही जाणार, हे अक्कांना कळत होतं. त्यांचं घर त्या पोरींवर चालत होतं.

मी गिझर उघडला. खार निघाला, पण टाकीलाच भोक पडलेलं. म्हणालो, "अक्का, हा गेला. नवा घ्यावा लागंल. घरात माणसं किती?"

"नऊ."

मागे हिमायतनगरची शिल्पा नावाची मुलगी वही घेऊन उभी होती. उंच, वेण्या घातलेली, तापातून नुकतीच उठलेली. ती म्हणाली, "दहा धरा, चाचा. मावशी राहिली."

"मला काय करायचंय गिझर? मी अंगणात चुलीवर तापवते."

"दहा धरा," शिल्पा पुन्हा मला म्हणाली.

मी बोटांवर हिशोब मांडला. दहा बादल्या, नव्वद लिटर गरम पाणी, दीड तासात. पंचवीसचा पुरणार नाही. पंचवीसचे दोन लावले तर त्या घरातली बारीक वायर जळेल. पन्नासचा एक लावायचा, आधी तापवून ठेवायचा. पोरी आंघोळ करतील तसा तो मागून तापत राहील.

"तापायला किती वेळ लागेल?" शिल्पानं विचारलं.

"सव्वा तास."

"टाकीतलं पाणी किती डिग्री धरू?"

मी अंगणातल्या नळाखाली हात धरला. "अठरा धर. गिझर दोन हजार वॅटचा, साठ डिग्रीला बंद होतो."

ती तिथंच पायरीवर बसली, वहीत सूत्र मांडलं, गुणाकार भागाकार केला आणि तोंडावर हात ठेवून हसली. "चाचा, सव्वा तासाला दीड मिनिट कमी! तुम्ही कुठं शिकलात?"

"सातवी नापास," मी म्हणालो. बाकीच्या पोरीही जमल्या होत्या, त्या टाळ्या वाजवायला लागल्या. खरं सांगतो, कुठल्याही शेठच्या शाबासकीनं मी एवढा फुगलो नव्हतो.

तेवढ्यात अक्कांनी विचारलं, "वजन किती त्याचं?"

गिझरचं वजन मला आजवर कुणीही विचारलं नव्हतं. "रिकामा वीस किलो. पाण्यासकट सत्तर."

"म्हंजे एक माणूस."

"हाव, तेवढंच."

"मग नको. डोक्यावर नको."

मी समजावायला लागलो. पंचवीसचे दोन लावले तरी वजन तेवढंच. सोलर तेव्हा आमच्याकडे नुकतंच येत होतं. पण ते छपरावर ठेवायचं म्हटल्यावर त्यांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. शेवटी माझा आवाज चढला. "अक्का, वीस वर्षं हेच काम करून राहिलो. माझा एकबी गिझर कधी पडला न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. शांतपणे विचारलं, "एकबी न्हाई?"

माझ्या तोंडून 'न्हाई' निघायला पाहिजे होतं.  दुकानात काम आहे असं काहीतरी सांगून मी पिशवी उचलली.

शिल्पा गल्लीच्या टोकापर्यंत माझ्यामागे आली. म्हणाली, "चाचा, रागावू नका. मावशी रोज आम्ही आंघोळीला जायच्या आधी त्या गिझरच्या भिंतीला हात लावून बघते. मग आम्हाला आत सोडते. भूकंपात तिच्या अंगावर घराचं माळवद, सगळं मातीचं छत, आलं होतं."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोनं कारण विचारलं, तेव्हा नांदेडचं सगळं तिला सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पहिल्यांदाच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मला सांगून काय फायदा? ज्यांनी विचारलं त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो. पोरी क्लासला होत्या. अक्का अंगणात ज्वारी निवडत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. गुटके, कपाट, घंगाळ, दारात उभी असलेली सून. भिंतीचा दोष म्हटल्यावर मी मान हलवली, तेही.

मला वाटलं, आता म्हणतील, जा इथून. त्या म्हणाल्या, "कालच वळखलं मी. तुमचा आवाज बदलला. बसा, चहा घेता का?"

चहा करता करता त्यांनी स्वतःचं सांगितलं, तेही चुलीकडे तोंड करून. दगडमातीचं घर, वर माळवद. "सासू माझ्याशेजारी व्हती. बोलत व्हती बराच वेळ. मग थांबली. मालक दुसऱ्या खोलीत व्हते, त्यांचा आवाजच आला न्हाई. मला दुपारी काढलं." मग कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "मला माझं भेव न्हाई, रशीदभाई. पण ह्या लोकांच्या लेकी हायत. त्यांच्या डोक्यावर काय लटकवायचं ते मलाच बघाय पायजे ना?"

मी म्हणालो, "बराबर आहे."

आम्ही दोघं न्हाणीघरात गेलो. अक्का त्या जुन्या गिझरकडे बघत म्हणाल्या, "आमच्या घरी बंब व्हता. त्यो खाली बसायचा. ह्यो वरच का बसतो?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तोच प्रश्न स्वतःला विचारला. का बसतो? न्हाणीघरात जागा नसते, खाली पाणी उडतं, म्हणून. बाकी काही नाही. लोकांना वाटतं, गरम पाणी खाली पडायचं म्हणून गिझर वर लागतो. पण पाणी ढकलते ती टाकी. टाकी उंच असली की झालं. गिझर तिच्याखाली कुठंही असो. आणि यांची टाकी तर अंगणात स्टँडवर उभीच होती. इतकी वर्षं मी गिझर भिंतीला टांगत आलो, कारण माझ्या उस्तादानं टांगला होता.

"अक्का," मी म्हणालो, "ह्यो बी खाली बसंल. पण आत नाही, बाहेर."

न्हाणीघराच्या मागे घर आणि कंपाउंड यांच्यामध्ये दोन हात रुंद बोळ होता. तिथं पाऊसपाणी लागू नये म्हणून पत्रा टाकला. वेल्डरकडून अँगलचा स्टँड करून घेतला, पाय सिमेंटमध्ये गाडले, आणि पन्नास लिटरचा गिझर त्या स्टँडला गुडघ्याच्या उंचीवर बोल्टनं आवळला. भिंतीतून फक्त पाइप आत गेले. दुकानाचे मालक बघायला आले आणि हसत सुटले. "मिस्त्री, लोक गिझर बसवतात, तुम्ही बसता केला!"  जुना गिझर उतरवून भिंतीतली चार भोकं सिमेंटनं बुजवली.

एकच प्रश्न उरला. पाचला पहिली बादली पाहिजे, तर पावणेचारला बटण दाबणार कोण? पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या.

"मी दाबीन," अक्का म्हणाल्या. "मी त्या टायमाला जागीच असते."

भूकंप पहाटे चारच्या सुमाराला झाला होता, ते मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. 

पहिल्या दिवशी मी पाचला हजर झालो. हिशोब चुकला तर माझी अब्रू आणि अक्कांचं घर दोन्ही गेलं असतं. बोळात उभा राहून पाइपवर हात ठेवला. पोरी एकेक करून जात होत्या, शिल्पा दारात वही घेऊन खुणा करत होती. कुणी जास्त वेळ लावला की आरडाओरडा. पाचवी बाहेर आली, "गरम आहे!" सातवी, "गरम!" नववी शिल्पा स्वतः. ती डोकं पुसत आली आणि मला काही न सांगता थेट चुलीपाशी गेली.

"मावशी, चला. दहावी."

"मला नको गं. क्लासला जावा तुम्ही, उशीर होईल."

"तुम्हाला हिशोबात धरलंय. तुम्ही नाही गेलात तर चाचांचं गणित कसं कळणार?"

नऊ पोरी ओट्यावर दप्तरं घेऊन उभ्या राहिल्या, एकही हलेना. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि निघाल्या. न्हाणीघराच्या दारात थांबल्या. मान वर करून बघितलं. मोकळी भिंत आणि बुजवलेली चार भोकं, बाकी काही नव्हतं. मग आत गेल्या आणि कडी लावली.

पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. पोरींना क्लासला उशीर होत होता. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. अक्का बाहेर आल्या त्या ओल्या केसांनी, तोंड लाल झालेलं.

"एवढं कढत कशाला तापवता वो? पोळलं मला!"

पोरी हसत, ओरडत, सायकलींवर बसून पळाल्या. मी पाइपवरचा हात काढला. तळवा चांगलाच भाजला होता, ते तेव्हा लक्षात आलं.

रेणापूरची पोरगी हलली नाही. त्या नऊ जणींचं पुढे काय झालं ते सगळ्यांचं मला माहीत नाही. शिल्पाला डॉक्टरकीला नंबर लागला नाही. ती नांदेडला भौतिकशास्त्र शिकवते आणि वर्गात माझ्या सव्वा तासाचं उदाहरण देते, असं ऐकून आहे. मी मात्र त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला वजन आधी सांगायला लागलो, आणि जिथं जागा असेल तिथं मोठा गिझर खाली बसवायला लागलो. बरेच जण हसले. काहींनी ऐकलं.

गेल्या वर्षी अक्कांचा फोन आला. गिझर गळायलाय. मी म्हणालो, मी आता काम सोडलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्याला मी हात लावू देत न्हाई." गेलो. आता मोठमोठी हॉस्टेलं झालीत, अक्कांकडे दोनच पोरी उरल्या होत्या. अक्का धरून तीन. हिशोब सोपा होता: दहा लिटर, आंघोळ सवडीनं.

"स्टँड गंजलाय," मी म्हणालो. "नवा करून आणतो."

"नको. वर लावा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"वाकून बटणं, नळ बघणं जमत न्हाई आता. भिंत नऊ इंची हाय, परवाच्या साली म्या उभं राहून बांधून घेतली. वजन किती ते सांगा."

"पाण्यासकट अठरा किलो."

त्यांनी भिंतीला हात लावून बघितलं. "लावा."

भोकं आरपार पाडली, मागून पट्टी दिली, बोल्ट आवळले. ही कामं पूर्वी मी हसत खेळत करायचो. त्या दिवशी स्टुलावर चढायलाही भिंतीचा आधार घ्यावा लागला. अक्का गिझरच्या बरोबर खाली, स्टूल दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. मी म्हणालो, "अक्का, जरा बाजूला व्हा, अजून शेवटचा नट राहिलाय." त्या हलल्या नाहीत. नट आवळून मी गिझर दोन्ही हातांनी ओढून बघितला, परत ओढला, तिसऱ्यांदा ओढायला लागलो.

"रशीदभाई," खालून आवाज आला, "त्यो पडत न्हाई. तुम्ही पडताल. उतरा खाली."